आयपॅडवरील सफारी: उघडलेली पाने मिटण्याची सोय कितपत चांगली?

आमच्या घरात 'टॅब' या शब्दाचा अर्थ टॅब्लेट असाच आहे आणि बहुतेक मराठी घरांत तो तसाच असावा. त्यामुळे मागच्या श्रावणात कोल्हापूरहून आईचा फोन आला की तिचा टॅब्लेट अलीकडे फार हळू चालतो, तेव्हा मी तिला "आई, आधी सगळे टॅब बंद कर" असे सांगितले आणि तिने तो टॅब्लेटच बंद करून रात्रभर कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा पुन्हा फोन आला. "अगं, बंद केला, चालू केला, तरी तसाच आहे. आता काय करू?" मी वापरलेला शब्द तिच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. तेव्हापासून आम्ही दोघी ब्राउझरमधल्या टॅबला 'पान' म्हणतो. या परीक्षणात मी टॅब हाच शब्द वापरते आहे, मात्र त्याचा अर्थ सर्वत्र ब्राउझरमध्ये उघडलेले पान असा घ्यावा आणि यंत्राला मी टॅब्लेटच म्हणेन.

आईकडे आणि माझ्याकडे एकाच प्रकारचे यंत्र आहे. ते म्हणजे २०२१ मध्ये आलेला नवव्या पिढीचा आयपॅड: १०.२ इंची पडदा, खाली बोटाचा ठसा ओळखणारे गोल बटण आणि ३ जीबी रॅम, म्हणजे चालू कामासाठीची स्मृती. मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरे करते. माझ्या कामात शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, तिथलाच दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, मराठी विश्वकोशातील दोन-चार नोंदी आणि मूळ लेखाशी संबंधित दहा-पंधरा पाने अशी गर्दी रोजच होते. आईचा वापर पाककृती, पंचांग, आरोग्यविषयक लेख आणि मी व मावशीने पाठवलेले दुवे इतकाच आहे. इतक्या वेगळ्या दोन सवयींसाठी सफारी या ॲपलच्या ब्राउझरची टॅब हाताळण्याची आणि मिटण्याची व्यवस्था कशी आहे, एवढ्याच प्रश्नावर मी लिहिणार आहे. पाने किती वेगाने उघडतात किंवा जाहिराती कशा रोखल्या जातात, हे विषय मी मुद्दाम बाजूला ठेवले आहेत.

एकच टॅब बंद करणे सर्वांत सोपे असायला हवे आणि बऱ्याच अंशी ते तसे आहेही. वरच्या पट्टीत चालू टॅबच्या टोकाशी फुली असते, ती दाबली की टॅब जातो. अडचण टॅब वाढू लागल्यावर येते, कारण तेवढ्याच रुंदीत जितके टॅब जास्त, तितकी प्रत्येकाची पाटी अरुंद होते आणि शीर्षकाची पहिली काही अक्षरेच शिल्लक राहतात. माझ्या पट्टीत एकाच कोशाचे चार शोध शेजारी शेजारी उघडलेले असतात तेव्हा चारही पाट्यांवर तेच चिन्ह आणि तोच अर्धवट मथळा दिसतो, आणि 'ओलावा' कुठला व 'ओल' कुठली हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. फुलीही बारीक आहे. बोटाने दाबायची जागा निदान ४४ पॉइंट लांबी-रुंदीची असावी अशी शिफारस ॲपलच आपल्या आराखडेकारांना करते, पण ही फुली डोळ्यांना त्याहून लहान दिसते, आणि चाळिशीचा चष्मा लावणारा माणूस डोळ्यांना जे दिसते त्यावर नेम धरतो. सेटिंगमध्ये टॅबची पट्टी पत्त्याच्या चौकटीखाली स्वतंत्र ठेवायची की दोन्ही एकाच ओळीत आटोपशीर बसवायची, असा पर्याय आहे. एका ओळीची मांडणी नेटकी दिसत असली तरी एका वेळी पाच-सहाहून अधिक पाने उघडणाऱ्या कोणालाही मी ती सुचवणार नाही. स्वतंत्र पट्टीच ठेवावी.

नेम चुकला तर काय, या प्रश्नाच्या उत्तरातच मला सफारीचा सर्वांत मोठा गुण दिसतो. नवा टॅब उघडण्याचे अधिकचिन्ह नुसते दाबण्याऐवजी त्यावर क्षणभर बोट दाबून धरले की नुकत्याच बंद केलेल्या टॅबची यादी समोर येते आणि हवे ते नाव दाबताच ते पान परत उघडते. ही सोय मला टॅब्लेट घेतल्यानंतर जवळपास वर्षभराने कळली. तोपर्यंत मी टॅब बंद करायला कचरत होते, कारण प्रत्येक टॅबच्या मागे "हे पुन्हा कसे सापडेल?" ही धास्ती असे. ती धास्ती गेल्यावर माझ्या उघड्या टॅबची संख्या कोणतीही शिस्त न लावता आपोआप कमी झाली. टॅब साचतात ते आळसामुळे, असे सर्रास बोलले जाते. माझा अनुभव वेगळा आहे: वस्तू परत मिळेल याची खात्री नसली की माणूस ती हातची सोडत नाही, आणि खात्री पटली की सहज सोडतो. म्हणून टॅब मिटण्याची कोणतीही सोय तपासताना, मिटलेले परत किती सहज मिळते, हे मी आधी पाहते. त्या कसोटीवर सफारी उत्तम उतरते. खंत एवढीच की ही यादी अधिकचिन्हामागे दडलेली आहे आणि ती तिथे आहे हे सांगणारी एकही खूण पडद्यावर नाही.

सगळे टॅब एकदम पाहायचे असतील तर पानावर दोन बोटे ठेवून चिमटीसारखी जवळ आणावीत, किंवा कोपऱ्यातले एकमेकांवर ठेवलेल्या दोन चौकोनांचे चिन्ह दाबावे. प्रत्येक पानाचे छोटे चित्र जाळीत मांडलेले दिसते आणि प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात फुली असते. नको असलेली दहा-बारा पाने हातासरशी काढून टाकायला हे दृश्य वरच्या पट्टीपेक्षा कितीतरी सोयीचे आहे, कारण इथे मथळा वाचावा लागत नाही आणि पान चेहऱ्यावरून ओळखता येते. याच दृश्यात टॅब शोधण्याची चौकटही आहे आणि तिथे देवनागरीत शोध घेता येतो. 'विश्वकोश' असे लिहिले की त्या शब्दाचे मथळे असलेली पाने समोर येतात. ज्या मराठी संकेतस्थळांनी प्रत्येक पानाला वेगळा मथळा देण्याची तसदी घेतली आहे, त्यांच्या बाबतीत हा शोध फार उपयोगी पडतो. ज्यांच्या सर्वच पानांवर एकच मथळा झळकतो, त्यांच्यापुढे कोणत्याही ब्राउझरचा इलाज चालणार नाही. टॅब मथळ्यानुसार किंवा संकेतस्थळानुसार लावून घेण्याची सोयही आहे. संकेतस्थळानुसार लावले की माझे कोशाचे सगळे टॅब एका रांगेत येतात आणि काम संपल्यावर ओळीने मिटता येतात.

आता आईच्या टॅब्लेटकडे वळते. गौरी-गणपतीला कोल्हापूरला गेले तेव्हा दोन चौकोनांच्या चिन्हावर बोट दाबून धरले, आणि उघडलेल्या यादीत सगळे टॅब बंद करण्याच्या पर्यायात आकडा होता ३१२. आई प्रत्येक वेळी काम झाले की ॲपची यादी उघडून सफारीला वर ढकलून देत असे आणि तेवढ्याने पाने मिटली असे तिला वाटे. ही समजूत अनेकांची असते, पण ॲप असे ढकलून दिल्याने एकही टॅब बंद होत नाही. पुढच्या वेळी सफारी उघडली की सगळे जसेच्या तसे हजर असतात. त्यातच संदेशातून आलेला प्रत्येक दुवा नवा टॅब उघडतो, त्यामुळे आम्ही पाठवलेला प्रत्येक लेख तिच्याकडे कायमचा मुक्कामाला आला होता. एकदम सगळे मिटण्याची सोय २०१६ पासून आहे आणि बंद करण्यापूर्वी सफारी एकदा विचारतेही. मी तो पर्याय दाबणार इतक्यात आई म्हणाली, "थांब, त्यातलं उपासाच्या भाजणीचं पान ठेव. आणि ते गुडघ्याच्या व्यायामाचं."

मग आम्ही दोघी जाळीचे दृश्य उघडून बसलो आणि तासभर एकेक पान पाहत गेलो. भाजणीचेच पान सात वेळा उघडलेले निघाले, कारण तिला ते हवे असे तेव्हा आधीचे सापडत नसे आणि ती नव्याने शोध घेई. ३१२ पैकी राखून ठेवण्याजोगी निघाली ती अकरा. ती अकरा पाने एका वेगळ्या गटात हलवली आणि उरलेली एका फटक्यात मिटली. एवढे करूनही टॅब्लेटचा वेग मात्र फारसा सुधारला नाही, आणि हे इथे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. टॅब्लेट मंदावण्याचे खरे कारण साठवणीची जागा फोटो आणि व्हिडिओंनी काठोकाठ भरलेली असणे हे होते. ती जागा रिकामी केल्यावर फरक पडला.

टॅब मिटूनही वेग न सुधारण्याचे कारण असे की मागे राहिलेले सगळे टॅब यंत्राच्या स्मृतीत जिवंत नसतातच. रॅम कमी पडू लागली की प्रणाली जुन्या पानांचा मजकूर स्मृतीतून काढून टाकते आणि पत्ता, मथळा व छोटे चित्र तेवढे जपते. तुम्ही त्या टॅबवर परत गेलात की ते पान इंटरनेटवरून नव्याने आणले जाते. म्हणून तीनशे टॅब उघडे असले तरी यंत्रावर तीनशे पानांचा भार नसतो. त्यांचा भार पडतो तो शोधणाऱ्या माणसावर. मात्र या व्यवस्थेची दुसरी बाजू मी सोसली आहे. एका कार्यालयाच्या संकेतस्थळावर मी चाळीस मिनिटे खपून एक लांबलचक अर्ज भरला होता. मधेच एका जुन्या पत्त्याचा पिनकोड पाहण्यासाठी दुसऱ्या टॅबवर गेले, तिथून तिसऱ्यावर, आणि परतले तेव्हा ते पान नव्याने उतरले आणि अर्ज कोरा झाला होता. भरलेला मजकूर मधूनमधून जतन करण्याची सोय त्या अर्जात नव्हती. ३ जीबीच्या यंत्रावर कोणत्याही ब्राउझरमध्ये असे घडू शकते, शिवाय भारतात मिळणाऱ्या आयपॅडवरचे सर्व ब्राउझर आतून पाने दाखवण्यासाठी सफारीच्याच वेबकिट या इंजिनावर चालतात, तेव्हा ब्राउझर बदलूनही सुटका नाही. अर्ज भरण्यापूर्वी बाकीचे जड टॅब, विशेषतः व्हिडिओ आणि नकाशांचे, मिटून घ्यावेत आणि लागणारी माहिती आधीच कागदावर उतरवून ठेवावी. टॅब बंद करण्याचा यंत्राला प्रत्यक्ष लाभ होतो तो अशा प्रसंगी.

टॅब आपोआप बंद करण्याची सोय २०१९ पासून आहे. सेटिंगमधील सफारीच्या पानावर 'क्लोज टॅब्ज' या नावाखाली चार पर्याय मिळतात: स्वतः बंद करणे, एका दिवसानंतर, एका आठवड्यानंतर आणि एका महिन्यानंतर. मुदत मोजली जाते ती टॅब शेवटचा कधी पाहिला त्यावरून. आईसाठी मी एक महिना निवडला, कारण चतुर्थी ते चतुर्थी असे तिचे पंचांगाचे चक्र त्यात बसते. माझ्यासाठी मात्र मी चौथ्या पर्यायाकडेही वळले नाही, सगळे हातानेच बंद करते, कारण भाषांतराचे एखादे काम दोन-दोन महिने थांबून राहते. या बाबतीत अँड्रॉइडवरील क्रोमची रीत मला अधिक समंजस वाटते. तिथे २१ दिवस न पाहिलेले टॅब लगेच नाहीसे न होता 'इनॅक्टिव्ह' अशा वेगळ्या विभागात जाऊन बसतात. जिवंत आणि बंद यांच्यामधला तो माळा सफारीत नाही. घरात आपण जुनी भांडी थेट भंगारात देत नाही, आधी माळ्यावर टाकतो आणि वर्षभर लागली नाहीत म्हणजे मग निर्णय घेतो. सफारीने तसा एक माळा दिला तर आपोआप बंद करण्याच्या सोयीवर माझाही विश्वास बसेल.

पहिला आयपॅड २०१० मध्ये आला तेव्हा सफारीत नऊच पाने उघडी ठेवता येत असत आणि वरती टॅबची पट्टीही नव्हती. ती २०११ मध्ये आली. नऊची मर्यादा जाचक होतीच, पण ती प्रत्येक वेळी 'यातले कोणते मिटू?' हा प्रश्न विचारायला भाग पाडत असे. आज तो प्रश्न विचारण्याचे काम आपल्यावर आले आहे.

त्यासाठी २०२१ मध्ये आलेले टॅबचे गट हे माझ्या मते सर्वांत कामाचे साधन आहे. बाजूची पट्टी उघडून नवा गट केला की रिकामा गट करायचा की सध्या उघडे असलेले सगळे टॅब घेऊन करायचा, असे विचारले जाते. मी प्रत्येक भाषांतराला एक गट देते आणि गटाला त्या कामाचे नाव देते. काम चालू असताना त्या गटात पंधरा-वीस टॅब राहतात, दुसरे काम हाती घेतले की गट बदलते आणि पडद्यावर आधीचे एकही पान दिसत नाही. काम सुपूर्द झाले, पैसे मिळाले, की तो गटच पुसून टाकते. वीस टॅब एकेक करून मिटण्यात जो जीव कासावीस होतो तो इथे होत नाही, कारण एक काम संपल्याचे ते चिन्ह असते. मोल्सवर्थचा कोश मात्र प्रत्येक गटात लागतो. २०२२ पासून टॅबवर बोट दाबून धरून तो पट्टीच्या सुरुवातीला टाचून ठेवता येतो. १८५७ च्या आवृत्तीचा हा कोश आता माझ्या पट्टीच्या अगदी डाव्या टोकाला लहानशा चौकोनात कायम असतो आणि घाईत चुकून मिटला जात नाही.

२०२२ मध्येच गट दुसऱ्याशी वाटून घेण्याची सोयही आली. आईची ती अकरा पाने मी अशाच सामाईक गटात ठेवली आहेत. मी पुण्यात बसून त्यात एखादी पाककृती घातली की ती कोल्हापुरात दिसते. इथे एक सावधगिरी बाळगायला हवी: सामाईक गटातला टॅब एकाने बंद केला की तो सर्वांकडून जातो. एकदा मी माझ्या पडद्यावर पसारा नको म्हणून व्यायामाचे पान मिटले आणि संध्याकाळी आईने ते कुठे गेले म्हणून विचारले. तेव्हापासून त्या गटातले काहीही मी तिला विचारल्याशिवाय मिटत नाही. ही सोय ॲपलच्या यंत्रांपुरतीच आहे, त्यामुळे अँड्रॉइडचा फोन वापरणाऱ्या माझ्या मावशीला तिचा उपयोग नाही.

खाजगी टॅबविषयी थोडक्यात सांगते. ते वेगळे राहतात, त्यांचा इतिहास राहत नाही आणि २०२३ पासून ते बोटाच्या ठशाने कुलूपबंद करता येतात. पण ते आपणहून मिटत नाहीत. बँकेचे पान खाजगी टॅबमध्ये उघडले म्हणून आपोआप नाहीसे होईल असे समजू नये. आधी बँकेच्या पानावरून बाहेर पडावे आणि मग टॅब हाताने बंद करावा. घरात एकच टॅब्लेट चौघे वापरत असतील तर हे आवर्जून करावे.

टॅब्लेटला कीबोर्ड जोडणाऱ्यांचे काम आणखी सोपे आहे. कमांड आणि डब्ल्यू दाबले की चालू टॅब जातो, कमांड, शिफ्ट आणि टी दाबले की शेवटचा बंद केलेला परत येतो. या दुसऱ्या जोडीमुळे मी पहिली जोडी निर्धास्तपणे वापरते.

माझी तक्रार शेवटी एकाच गोष्टीकडे येते. बंद केलेल्या टॅबची यादी, सगळे टॅब मिटणे, एक ठेवून बाकीचे मिटणे, टॅब टाचणे, या चारही गोष्टी कशावर तरी बोट दाबून धरल्याशिवाय दिसत नाहीत, आणि कशावर दाबून धरायचे हे दर वेळी वेगळे आहे: कधी अधिकचिन्ह, कधी दोन चौकोन, कधी टॅब स्वतः. मी तरुणपणापासून संगणक वापरते म्हणून चाचपडत का होईना शोधले. आईच्या बोटाला किंचित कंप आहे. ती दाबून धरते तेव्हा बोट हलते, टॅब जागेवरून सरकतो आणि यादी उघडतच नाही. तिला चित्रावरची फुली जमते आणि तेवढीच जमते. ज्येष्ठांच्या हाती मोठ्या पडद्यामुळेच टॅब्लेट दिला जातो, आणि त्या मोठ्या पडद्यावर 'बंद केलेली पाने' असे लिहिलेले एक साधे बटण ठेवायला जागा नक्कीच आहे.

सध्या आईच्या टॅब्लेटवर स्वतंत्र पट्टी आहे, महिन्याची मुदत आहे आणि सामाईक गट पहिला उघडतो. अधिकचिन्हाची युक्ती मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत, बाणासह काढून टॅब्लेटच्या कव्हरच्या आतल्या बाजूस चिकटवली आहे. दिवाळीला गेले तेव्हा तिच्याकडे २६ टॅब उघडे होते आणि भाजणीचे पान एकदाच होते.